सुबक आकृती, पाहावी

२ फेब्रुवारी

मामा,

फोनच करणार होते. पण मागच्या वेळी अर्धा तास आपण एकमेकांवर ओरडलो. मी सांगत होते परीक्षेबद्दल आणि तू शेवटी म्हणालास, "बरं, मग दाखव डॉक्टरला." आई हसून हसून खुर्चीवरून पडायची राहिली. म्हणून आपलं पत्रच बरं. मी टाइप करते, तू चष्मा लावून वाचतोस. तू लिहितोस ते माझ्या लॅपटॉपमधली पोपटीण मला वाचून दाखवते. (पोपटीण म्हणजे पडद्यावरचं सगळं बोलून दाखवणारा तो आवाज. मीच नाव ठेवलंय. स्वतःचं डोकं अजिबात चालवत नाही, लिहिलंय ते बोलते.)

आता खरं ते सांगते. संख्याशास्त्राच्या परीक्षेत मी दुसऱ्यांदा आपटले. डोळे गेल्यावर रुग्णालयानं मला नोंदी विभागात तीन वर्षं सांभाळून घेतलं ते एका अटीवर, की मी हा अभ्यासक्रम पूर्ण करायचा. त्याला तीनच वेळा बसता येतं. तिसरी वेळ २० मार्चला. त्यात गेले की नोकरी गेली. डोळे नसलेल्या बाईला नवी नोकरी कोण देतं, हे मी तुला काय सांगू.

आणि मामा, मी ढ नाहीये. गणितं येतात मला. पण अख्खा अभ्यासक्रम ऑनलाइन आहे आणि त्यातलं निम्मं शिकवणं आकृत्यांत आहे. मजकूर पोपटीण धडाधड वाचते. आकृती आली की तेच ते दोन-तीन शब्द म्हणते आणि पुढच्या परिच्छेदावर उडी मारते. खाली लिहिलेलं असतं, "वरील आकृतीवरून हे स्पष्ट होईल." काय स्पष्ट होईल, कपाळ?

आईला बसवलं शेजारी. ती म्हणते, "एक डोंगर आहे गं. मग अजून एक डोंगर आहे, पण बुटका."

मी काय करू?

तुझी,
मुंगी


६ फेब्रुवारी

मुंगे,

तुझं पत्र वाचलं आणि डोकंच फिरलं माझं. अगं, हे असलं काम करतं कोण? आणि पगार कशाचा घेतात ही माणसं?

तुला ठाऊक आहे, नकाशे काढण्याच्या नोकरीतून निवृत्त झालो आणि घरात बसून भिंतींना कंटाळा आणला. मग इथे लागलो. दोन वर्षं झाली. आमचं कामच हे. सात-आठ विद्यापीठांच्या फायली येतात, नुसते नंबर असतात, नाव-गाव काही नाही. त्या आम्ही अंध, कर्णबधिर अशा विद्यार्थ्यांना वापरता येतील अशा करून द्यायच्या. प्रत्येक आकृतीपाठीमागे एक रकाना असतो, तुझी पोपटीण वाचते तो. रकाना रिकामा राहिला की तपासणीत लाल फुली येते. सगळे भरले की हिरवी खूण येते आणि फाईल पुढे जाते. खिडकीजवळचं टेबल सात तुझ्या मामाचं. या टेबलावरून लाल फुली आजवर बाहेर पडलेली नाही. साहेब सगळ्यांना सांगतात, टेबल सातकडून शिका जरा.

तेव्हा मी सांगतो ते ऐक. तक्रार कर. लेखी कर. ज्या गाढवानं ही फाईल केलीय त्याला टेबलासकट उचलून बाहेर ठेवला पाहिजे. आज तू आहेस, उद्या दुसरं कुणी असेल. बिलकुल सोडू नकोस त्याला! आणि फाईलचा नंबर मला कळव, कुठल्या कार्यालयातून निघाली ते मी शोधतो. शिवाय ते शब्द काय आहेत तेही कळव. मला बघायचाय हा महाभाग.

आईला म्हणावं, डोंगर मोजत बसू नकोस, मुलीला चहा कर.

तुझा,
मामा


११ फेब्रुवारी

मामा,

तुझं पत्र तीनदा ऐकलं. तिसऱ्या वेळी आईपण ऐकत बसली. "माझा भाऊ आहे शेवटी," म्हणाली. मलाही किती दिवसांनी कुणीतरी आपल्या बाजूनं भांडतंय असं वाटलं. रडले थोडी, पण चांगलं रडणं.

तक्रार केली. कालच विद्यापीठाकडे गेली. तू सांगितलंस तसंच कडक लिहिलं, गाढव तेवढं वगळलं.

फाईल क्रमांक ७१९. आणि शब्द हवेत ना तुला? घे. प्रत्येक आकृतीला पोपटीण म्हणते, "सुबक आकृती. पाहावी."

पाहावी म्हणे! मामा, दोनशे बारा आकृत्या आहेत. काल मी नुसत्या आकृत्या चालवल्या, एकीवरून दुसरीवर. दोनशे बारा वेळा तेच. सुबक आकृती, पाहावी. सुबक आकृती, पाहावी. शेवटी लॅपटॉप आपटला मी पलंगावर. आई धावत आली.

आणि चीड कशाची येते सांगू? तो शब्द तुझा आहे. लहानपणी मी चित्र काढलं की तू खाली लाल पेन्सिलीनं लिहायचास, "सुबक". कितीही वेडंवाकडं असलं तरी. त्या मेल्यानं त्या एका शब्दाचीही माती केली.

सापडला की कळव. मला त्याच्याशी दोन मिनिटं बोलायचंय, बाकी काही नाही.

मुंगी


२४ फेब्रुवारी

चिरंजीव मुंगीस,

उत्तराला उशीर झाला. जरा कणकण होती. आता बरा आहे.

त्या फाईलचा तपास काही लागला नाही. अशा फायली शेकडो असतात, कुणी केल्या ते सांगणं अवघड. तू फार मनाला लावून घेऊ नकोस. एखादा म्हातारा माणूस असेल, त्याला विषय कळला नसेल. तक्रारीचं जाऊ दे. तिच्यातून तुझ्या परीक्षेपर्यंत काही निघायचं नाही, उगाच डोक्याला ताप. मागे घेतलीस तरी चालेल.

त्यापेक्षा मी असं करतो, ती फाईल मला इथे बघता येते. मीच एकेक आकृती तुला पत्रात लिहून पाठवतो. नकाशे काढण्यात आयुष्य गेलं माझं, आकृती सांगायला काय लागतं? ही पहिली घे.

आकृती १. अतिशय रेखीव वक्र. रेषा बारीक, एकसारख्या जाडीची. डावीकडून सावकाश उठते, मध्यभागी डौलदार वळण घेते आणि उजवीकडे तशीच उतरते. आत फिकट छटा दिली आहे. अक्षरं ठसठशीत. चौकट दुहेरी.

आणखी अकरा सोबत जोडल्या आहेत. तब्येतीला जप.

मामा


२७ फेब्रुवारी

मामा,

तुला खरंच बरं नाहीये का? "जाऊ दे" हा शब्द तुझ्या तोंडी? रस्त्यात कुणी कागद टाकला तरी तू त्याच्यामागे चालत जाऊन उचलायला लावणारा माणूस. आई म्हणते औषध जास्त झालं असेल. तक्रार मी मागे घेणार नाही, सांगून ठेवते. तूच चढवलंस मला झाडावर, आता खाली ये म्हणू नकोस.

आकृत्या पाठवल्यास, खूप बरं वाटलं. पण मामा, रागावू नकोस, त्यातून मला कवडीचं काही कळलं नाही. चौकट दुहेरी असो की तिहेरी, मी काय तिच्यावर बसणार आहे? रेषा डौलदार आहे हे नको सांगू. ती कुठून निघते आणि कुठे पोचते ते सांग. आडव्या रेषेवर काय मोजलंय, उभ्या रेषेवर काय? सगळ्यात उंच कुठे, किती? दोन्ही बाजू सारख्या आहेत की एक लांब? आकृती कशी दिसते ते सोड. ती काय म्हणते ते मला हवंय.

तीन आठवडे राहिले. काल विभागात गेले होते. माझ्या खुर्चीवर एक नवीन मुलगी बसली होती. विभागप्रमुख म्हणाले, "तात्पुरती आहे हो, तुमचा निकाल लागेपर्यंत." ती मुलगी बिचारी उठून उभी राहिली. मी म्हटलं बसा, बसा. आणि मी तिथेच, माझ्याच टेबलापाशी, पाहुण्यासारखी उभी राहिले. मग काठी घेतली आणि निघाले. जिन्यात दोनदा चुकले, माझ्या पाठ असलेल्या जिन्यात.

मामा, हात जोडते. नीट सांग.

मुंगी


५ मार्च

मुंगे,

तुझं बरोबर आहे. आता अशी सांगतो.

आकृती ४१. आडव्या रेषेवर शस्त्रक्रियेसाठी थांबावं लागलेले दिवस, शून्य ते तीस. उभ्या रेषेवर रुग्ण, शून्य ते चाळीस. रेषा डावीकडे झपकन चढते, तिसऱ्या दिवशी सर्वांत उंच, चाळीस. तिथून उतरते, दहाव्या दिवशी पाचवर येते. पण संपत नाही. उजवीकडे दोन-दोन, एक-एक करत तिसाव्या दिवसापर्यंत लोळत जाते.

लिहिताना मला पहिल्यांदा कळलं गं. बहुतेकांचं काम तीन-चार दिवसांत झालं, आणि थोडी माणसं महिनाभर ताटकळली. त्या उजवीकडच्या बारीक रेषेत माणसं आहेत. इतकी वर्षं रेषा काढल्या, कुणी विचारलं नाही की ही म्हणते काय.

आजवर पासष्ट झाल्या. कचेरीचं काम बाजूला ठेवून करतोय. रोज पंधरा पाठवीन.

मामा


९ मार्च

आदरणीय मामा यांस,

सप्रेम नमस्कार. आज विद्यापीठाकडून माझ्या तक्रारीचं उत्तर आलं. तुमच्या माहितीसाठी जसंच्या तसं देते.

"फाईल क्रमांक ७१९ ची फेरतपासणी करण्यात आली. सर्व २१२ आकृत्यांचे रकाने भरलेले असून हिरवी खूण आहे. साहित्य सुलभ आहे. तक्रार निकाली काढण्यात येत आहे. फाईल तयार करणारे व फेरतपासणी करणारे: टेबल सात. दिनांक ७ मार्च."

पोपटिणीला चार वेळा वाचायला लावलं. मला वाटलं, तिचं काहीतरी चुकतंय.

टेबल सात म्हणजे खिडकीजवळचं ना? जिथून लाल फुली कधी बाहेर पडत नाही?

फाईल तुम्ही केलीत ते मी एक वेळ समजून घेईन. तेव्हा ती माझी आहे हे तुम्हाला ठाऊक नव्हतं. पण ७ मार्चला ठाऊक होतं. त्याच्या दोन दिवस आधी तुम्ही मला आकृती ४१ पाठवलीत. एका हातानं मला आकृत्या लिहीत होता आणि दुसऱ्या हातानं माझ्या तक्रारीवर सही करत होता. एवढंच विचारायचंय, हे खरं आहे का?

आईला अजून सांगितलेलं नाही.

आपली,
भाची


१३ मार्च

मुंगे,

खरं आहे.

तुझं ११ फेब्रुवारीचं पत्र आलं तेव्हा मी कचेरीत होतो. ते तीन शब्द वाचले आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. कणकण वगैरे काही नव्हती. तेरा दिवस मी रोज पत्र लिहायला बसलो आणि उठलो.

कसं झालं ते सांगतो. आठवड्याला हजार-बाराशे आकृत्या यायच्या. पहिल्या महिन्यात मी वाचून, समजून लिहायचा प्रयत्न केला. साहेब म्हणाले, टेबल तीन तुमच्या तिप्पट काम करतो. मला त्या वक्र रेषांतलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि या वयात कळत नाही म्हणायची लाज वाटली. ऐकू येत नाही हे तर सगळ्यांना दिसतच होतं. मग रकान्यात नुसतं "आकृती" लिहिलं. मशीन घेईना, एका शब्दाला लाल फुली. मग काहीतरी बरं लिहावं म्हणून ते लिहिलं. आकृत्या सुबक होत्याच गं. आपण आदरानं लिहितोय असंच मला वाटायचं. सगळ्या रकान्यांत एकदम चिकटवता येतं ते. अख्ख्या फाईलला चार मिनिटं. ते ऐकणारं कुणी पलीकडे बसलं असेल हे दोन वर्षांत एकदाही मनात आलं नाही. हिरवी खूण आली की मी चष्मा पुसायचो आणि पुढची फाईल घ्यायचो.

७ तारखेला साहेब कागद घेऊन टेबलाशी उभे राहिले. म्हणाले, करा सही, जेवायला जायचंय. मी केली. सही केली नाही तर मला घरी पाठवतील या भीतीनं केली. तू जिच्यासाठी जिवाचं रान करतेयस ती खुर्ची जायची वेळ आली, आणि मी माझी खुर्ची धरून बसलो. याला काय नाव द्यायचं ते तू दे. गाढव तर मी स्वतःला आधीच म्हणून चुकलोय.

काल सकाळी साहेबांना आणि विद्यापीठाला माझ्या सहीचं निवेदन दिलं. लिहिलं की खूण हिरवी असली तरी फाईल निरुपयोगी आहे, आणि अशा तीनशे फायली मी केल्यात. दुपारी टेबल सात काढून घेतलं. त्याचं मला काही वाटत नाही. आकृत्या मी आधीच उतरवून घेतल्या होत्या, त्यामुळे तुझं काम थांबणार नाही. उरलेल्या सगळ्या सोबत आहेत. पूर्ण दोनशे बारा झाल्या.

आता अजून एक सांगायचंय, या वेळी काही लपवायचं नाही. ७१९ च्याच जोडीचा नंबर असलेली एक बंद फाईल ऑक्टोबरात आली होती. सहाच प्रश्न, चार आकृत्या. आमच्याकडे प्रश्नपत्रिकाही येतात, त्याही टेबल सातवरूनच गेल्या. मला वाटतं ती तुझीच परीक्षा. तिथेही मी तेच चिकटवलंय.

परीक्षा विभागाला फोन केला. अर्धंच ऐकू आलं, म्हणून पुढचं शेजाऱ्याला बोलायला लावलं. ते म्हणतात, प्रश्नपत्रिका कुलूपबंद झाली, आता उघडता येत नाही. आकृती सांगायला माणूस हवा असेल तर पंधरा दिवस आधी अर्ज लागतो. आज सातच दिवस उरलेत. मी तिथे जाऊन बसलो. दोन तास बसलो. शिपायानं पाणी दिलं आणि सांगितलं, आजोबा, घरी जा.

मुंगे, मी काय करू ते तूच सांग. माझी अक्कल चालत नाही.

मामा


२२ मार्च

मामा,

आईला सांगितलं. ती तुझ्याशी बोलणार नाही म्हणते. हे वर्षभर चालेल, तयारी ठेव.

मी तुझ्यावर प्रचंड चिडलेय. हे आधी सांगते, कारण पुढचं वाचून तुला वाटेल की मी विसरले. विसरले नाहीये.

तुझ्या दोनशे बारा आकृत्या मी पाठ केल्या. शेवटच्या शंभर इतक्या चांगल्या लिहिल्यायस की मला अख्खा विषय पहिल्यांदा उलगडला. एकशे अठ्ठ्याहत्तरावी ऐकताना मी एकटीच टाळी वाजवली. परीक्षेला निघाले तेव्हा मला सगळं येत होतं. सगळं.

अर्ज केला होता आकृती सांगणाऱ्या माणसासाठी. मुदत टळली म्हणून नाकारला. केंद्रावरच्या बाईंना विचारलं, नुसतं सांगा, रेषा चढते की उतरते. त्या भल्या होत्या. त्यांचा आवाज रडवेला झाला, पण म्हणाल्या, "मला तोंड उघडायची परवानगी नाही हो."

पहिले दोन प्रश्न झटक्यात सोडवले. तिसरा आला. पोपटीण म्हणाली, "सुबक आकृती. पाहावी. वरील आकृतीवरून निष्कर्ष काढा."

मामा, तू सांगितलं होतंस, तरी मला आत कुठेतरी आशा होती. मी कान स्क्रीनला लावला. वेड्यासारखा खरंच कान लावला, जसं काही ती हळूच अजून काही सांगेल. चौथा तसाच. पाचवा तसाच. सहावा तसाच. तीन तासांची परीक्षा, पाऊण तासात माझं काम संपलं. उरलेला वेळ मी हात मांडीवर ठेवून बसले. आजूबाजूला सगळे खडखड टाइप करत होते. आधीच्या दोन परीक्षांत एकही आकृती नव्हती, तिथे नापास झाले ते येत नव्हतं म्हणून. या वेळी येत होतं रे. म्हणून जास्त लागतंय.

मग शेवटच्या दहा मिनिटांत मी एक केलं. त्या चारही उत्तरांच्या रकान्यांत टाइप केलं, "सुबक उत्तर. पाहावे." आणि पाठवून दिलं.

पोपटीण काय म्हणाली माहितीये? "सर्व रकाने भरले आहेत. हिरवी खूण. धन्यवाद."

मी इतक्या जोरात हसले की त्या बाई धावत आल्या. नंतर त्यांनीच मला हाताला धरून बाहेर आणलं, कारण मला दार सापडेना.

आता निकालाचं तुला-मला दोघांनाही ठाऊक आहे. विभागप्रमुखांना कळवलं. ती नवी मुलगी फोनवर आली आणि सॉरी म्हणाली. तिचा काय दोष?

पण काल विद्यापीठाचा कागद आला. तुझ्या निवेदनामुळे तक्रार पुन्हा उघडलीय. ४ एप्रिलला सकाळी अकराला सुनावणी आहे, समिती बसणार आहे. परीक्षा पुन्हा द्यायला मिळेल की नाही ते तिथे ठरेल. मिळेलच असं नाही. आई म्हणते आशा धरू नकोस. पण मी आशा नाही धरली तर मला सकाळी उठायला दुसरं कारण नाही, हे आईला कसं सांगू?

तू यायचंस. निवेदन पाठवून भागणार नाही, स्वतः यायचं. तुला ऐकू येत नसेल तर मी शेजारी बसून तुझ्या हातावर लिहीन ते काय विचारतायत. ते म्हणतील रकाने भरलेले आहेत, खूण हिरवी आहे. ते म्हणतीलच. तेव्हा तू उभं राहायचं, फाईल ७१९ उघडायची आणि पोपटिणीसारखं वाचायला सुरुवात करायची. पहिल्या आकृतीपासून. सुबक आकृती, पाहावी. सुबक आकृती, पाहावी. ते म्हणतील पुरे, कळलं. तुला काही ऐकू यायचं नाही. थांबायचं नाही. मोठ्यानं, स्पष्ट, दोनशे बारा वेळा.

एकही गाळलीस तर मला कळेल. मी शेजारी बसून मोजणार आहे.

मुंगी